त्रेचाळीस नंबरची तक्रार

१

पांढुर्ण्याला मी टेलिफोनचा लाइनमन होतो तेव्हा गावात फोन मोजकेच. सकाळी साडेनवाला सायकल भिंतीला टेकवायची, ऑपरेटर चंद्रकलाबाईंच्या वहीतून तक्रारी उतरवून घ्यायच्या आणि शिडी खांद्यावर टाकून निघायचं. तक्रारी ठरलेल्या. फोन बंद आहे, खरखर होते, घंटी वाजत नाही, दुसऱ्याचं बोलणं ऐकू येतं. संत्र्याच्या दिवसांत यांत भर पडायची, कारण बागांतून ट्रक निघाले की कुठंतरी तार तुटायचीच.

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात एका सकाळी वहीत लिहिलेलं होतं : नंबर त्रेचाळीस. आवाज लवकर येतो.

"बाई, उशिरा लिहायचं होतं का?" मी विचारलं.

"मीबी तेच म्हटलं त्यांना," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "त्या म्हणाल्या, नाही, लवकरच लिहा."

त्रेचाळीस नंबर म्हणजे अनिल काळबांड्यांचं बियाण्यांचं दुकान. पण फोन दुकानात नव्हता, वरच्या मजल्यावर त्यांच्या बहिणीच्या खोलीत होता. विजयाताईंचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेले होते. जिना अरुंद आणि उभा. आई असेतोवर त्या अधूनमधून खाली यायच्या. आई गेल्यावर अकरा वर्षांत उतरल्या नव्हत्या. गावातल्या मुली त्यांच्याकडं गणित शिकायला जात, आणि दुपारी तीनला त्या फोनवर बुद्धिबळ खेळत.

समोरचा गडी तिगावचा. तुळशीराम गुरुजी. विजयाताईंना त्यांनीच घरी येऊन मॅट्रिकपर्यंत शिकवलं होतं, बुद्धिबळही त्यांनीच शिकवलं. आता काचबिंदूनं गुरुजींची नजर पूर्ण गेली होती. ताई पट मांडून बसायच्या, गुरुजी डोक्यात खेळायचे. पटाच्या चौसष्ट घरांना दोघांनी एक ते चौसष्ट आकडे दिले होते. "हत्ती बावन्न" म्हटलं की झालं. तिगावची लाइन आमच्याच एक्सचेंजची, त्यामुळं बोलण्याला वेळेचं बंधन नव्हतं.

मी गेलो तेव्हा डाव चालूच होता. ताईंनी रिसीव्हर कानाला धरूनच मला बसायची खूण केली. मी माझा टेस्ट फोन त्यांच्याच तारेवर जोडला आणि ऐकू लागलो. ताई पटाकडं बघत गप्प होत्या.

"अस्सं?" गुरुजींचा आवाज आला. "मग माझा उंट तीस."

"घोडा एकोणचाळीस," ताई म्हणाल्या.

माझ्या हे चटकन ध्यानात आलं नाही. ताईंनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. "ऐकलं न? उत्तर आधी आलं."

मला हसू आलं. "ताई, बारा-पंधरा वर्षांपासून खेळून राहिले तुम्ही दोघं. तुमच्या मनातली चाल त्यांना कळते."

"मीही तेच धरून चालली होती," त्या म्हणाल्या. "पण देवीदासभाऊ, काल गुरुजींनी विचारलं, विजू, खोकला झाला का ग? आणि मग मला खोकला आला."

२

मी काय करणार? जे येत होतं ते केलं. रिसीव्हरची दोरी बदलली, बोलायच्या बाजूची डबी उघडून साफ केली. गच्चीवरचा जोड गंजला होता, तो तोडून नवा मारला. तीन दिवसांनी वहीत पुन्हा त्रेचाळीस. पुन्हा तेच शब्द.

मग मी पांढुर्ण्यापासून तिगावपर्यंत अख्खी लाइन पाहिली. दोन दिवस लागले. प्रत्येक खांबावर चढून इन्सुलेटर पुसला, तार ताणून पाहिली. खाली संत्र्याच्या बागा, माणसं झाडाखाली बसून पेट्या ठोकत होती. वर मी एकटा. तार हाताला थंड लागायची आणि मधूनच हलकी थरथरायची, वारा नसताना. रेल्वे जवळ आहे, गाडीनं थरथरत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. गाडी आली नाही. तार थरथरायची थांबली, मग सावकाश नागपूरची गाडी आली.

तिगावच्या टोकाला गुरुजींचं घर. पुढं ओसरी, आत एक लांबट खोली, भिंतीला लागून संत्र्यांच्या पेट्या. मुलाचा संत्र्यांचा व्यापार, फोन त्याच्याच नावानं होता. तो दिवसभर ट्रकांमागं असायचा. घरात गुरुजी आणि त्यांच्या पत्नी शांताबाई.

"आमच्याकडं तर काही बिघाड नाही जी," गुरुजी म्हणाले. "आवाज स्वच्छ आहे. पण विजूचा खेळ बिघडला. आधी ती भांडायची माझ्याशी. आता मुकाट्यानं हरते."

मी निघण्याआधी ताईंशी ठरवलं होतं. बरोबर चारला मी तिगावहून फोन करीन, काही आकडे सांगीन, त्यांनी ते घड्याळ बघून लिहायचे. आकडे माझ्या मनातले नकोत म्हणून मी शांताबाईंना भुईमुगाच्या शेंगा मुठीत घ्यायला सांगणार होतो. मुठीत जितक्या निघतील तो आकडा. हे अजून मी कोणालाच बोललो नव्हतो.

चारला फोन लावला. मी "हॅलो" म्हणतो तोच ताई बोलल्या. आवाज बसलेला होता.

"सतरा. नऊ. एकवीस. लिहून घेतले. पण एकवीस तुम्ही नाही सांगितले, गुरुजींनी सांगितले."

मग शांताबाईंना म्हटलं, "काकू, एक मूठ शेंगा आणा."

"कायले रे बाप्पा?" म्हणत त्यांनी आणल्या. ओतून मोजल्या. सतरा. मी आकडा फोनमध्ये सांगितला. दुसरी मूठ भरली. नऊ. तोही सांगितला. आता तिसरी मूठ भरायला सांगायचीच नाही, असं मी ठरवलं. पण शांताबाईंना त्यात गंमत वाटायला लागली होती. त्यांनी आपणहून मूठ भरली, सुपात ओतली आणि मोठ्यानं मोजू लागल्या. मी तोंड घट्ट मिटून उभा होतो. अठरा, एकोणीस, वीस.

गुरुजी खाटेवरून फोनच्या दिशेनं वाकले. "एकवीस झाल्या ग विजू!"



३

माझं शिक्षण आठवीपर्यंत. पण वडील सांगायचे, जे दिसतं ते तपासून पाहा, कोणी सांगितलं म्हणून मानू नको. बाबासाहेबांचा फोटो होता आमच्या घरात, आणि देवऋषी, अंगारे आमच्या दारातून परत जायचे. त्यामुळं भूत म्हणायला माझी जीभ वळत नव्हती. मी एका कोऱ्या वहीत तारीख आणि अंतर लिहायला लागलो. पहिल्या दिवशी दोन-तीन सेकंद. तिगावच्या दिवशी दोन मिनिटं. नंतर पाच. मग अकरा. एक्सचेंजात त्यांची लाइन तारांच्या एका जोडीवरून काढून दुसऱ्या जोडीवर टाकली, यंत्र बदललं. फरक नाही. ताईंनी दुसऱ्या कोणालाही फोन केला तर सगळं ठीक. तिगाववरून येणारा आवाज तेवढा आधी यायचा. ताईंचा आवाज तिकडं वेळेवरच पोचायचा.

साहेबांना काय लिहून देणार? मी ताईंना म्हटलं, "काही दिवस लाइन काढून ठेवू या. उगाच जिवाला घोर."

त्या पटावरची धूळ बोटानं पुसत होत्या. खोलीत एक खिडकी, खिडकीतून समोरच्या घराची भिंत आणि वर हातभर आभाळ. भिंतीवरचं घड्याळ मोठ्यानं चालायचं.

"नका काढू," त्या म्हणाल्या. "मला दिवसाचे चोवीस तास आहेत न भाऊ, पण माझा तास एकच आहे."

"पण खेळ तरी होते का असा?"

"नाही होत. गुरुजींच्या चाली मी आधी कागदावर उतरवून घेते. मग त्या बघून माझ्या चाली वाचत जाते. वेगळी चाल करायची म्हणून किती ठरवलं. ऐन वेळी तीच तोंडून जाते. तीच चांगली असते." त्या जराशा हसल्या. "गुरुजींना सांगू नका. त्यांना वाटते मी विचार करून खेळून राहिली."

जिना उतरताना मला वर त्यांचा आवाज ऐकू आला. एकट्याच बोलत होत्या. हत्ती बारा, वजीर वीस. संध्याकाळ व्हायची होती, दुकानात अनिलभाऊ गिऱ्हाइकाला कपाशीचं बियाणं दाखवत होते, आणि मला तिथून लवकर बाहेर पडावंसं वाटलं.

४

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अंतर अर्ध्या तासावर गेलं. त्या दिवशी मी बाजूच्याच गल्लीत खांबावर होतो. अनिलभाऊ खालून म्हणाले, "देवीदास, विजूनं बोलावलं. लवकर ये."

सव्वातीन वाजले होते. ताईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी रिसीव्हर माझ्या कानाला लावला आणि स्वतः बोलायच्या बाजूवर हात घट्ट दाबून धरला.

आतून शांताबाईंचा आवाज येत होता. "अहो. अहो, पाहा न इकडं. अहो." भांडं घरंगळल्याचा आवाज झाला. संत्र्यांची पेटी सरकावी तसं काहीतरी फरशीवर घासलं गेलं. मग नुसता श्वास. जाड, अडखळता, माणूस झोपेत घोरतो तसा, पण तसाही नाही.

"गुरुजी बोलता बोलता थांबले," ताई म्हणाल्या. "चाल सांगून राहिले होते. वजीर म्हणाले आणि पुढं काही आलं नाही."

"पण हे आता झालं नाही," मी म्हटलं. माझं मलाच ते शब्द परके वाटले. "पावणेचारला होईल."

"आता ते पलीकडं ठीक आहेत. माझी चाल मागत असतील."

मी अजून ऐकतच होतो. श्वास. शांताबाईंचं रडणं. मग बाहेर गाडी थांबली, धावती पावलं आली, आणि एका पुरुषाचा धापा टाकणारा आवाज म्हणाला, "डॉक्टरसाहेब, इकडं. खाटेच्या मागं."

तो माझा आवाज होता. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकायची मला सवय नाही, तरी ओळखायला क्षणही लागला नाही. ताईंनी रिसीव्हर माझ्याकडून ओढून घेतला आणि उशीवर पालथा दाबला.

"पुढचं मला ऐकायचं नाही. तुम्ही जा."

मी माझ्याच तोंडून डॉक्टरांचं नाव ऐकलं म्हणून डॉक्टरांकडं धावलो. नाहीतर सुचलं असतं की नाही, कोण जाणे. जिन्यावर असताना मागून ताईंचं बोलणं कानावर आलं. अगदी साध्या आवाजात त्या फोनमध्ये सांगत होत्या, "गुरुजी, काकूंना जरा जवळ बसवून घ्या न. हो, उगाच. माझी चाल? थांबा, विचार करून राहिली."

डॉक्टर दवाखान्यातच होते, त्यांची जीप दारात. तुळशीराम गुरुजींना अटॅक आला एवढंच मी सांगितलं. कधी, ते त्यांनी विचारलं नाही. रेल्वे फाटक लागलेलं होतं. मालगाडी डबा डबा करत जात होती आणि मी डबे मोजत होतो. फाटक उघडलं तेव्हा चार वाजायला सोळा मिनिटं कमी होती.

पोचलो तर दारातूनच शांताबाईंचं "अहो" ऐकू आलं. मी आत धावलो. गुरुजी खाटेच्या मागं पडले होते, बाजूला पाण्याचा तांब्या लोळत होता, आणि स्टुलावरून रिसीव्हर लोंबत होता, हळूहळू फिरत. मला माहीत होतं मी काय बोलणार ते. न बोलता नुसता हात दाखवावा असं एकदा मनात आलंही. पण उन्हातून आलेले डॉक्टर दारातल्या अंधारात चाचपडत होते.

"डॉक्टरसाहेब, इकडं," मी म्हटलं. "खाटेच्या मागं."

५

गुरुजी वाचले. नागपूरला नेलं, बारा दिवसांनी घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. नजर आधीच गेलेली. मी भेटायला गेलो तेव्हा शांताबाई म्हणाल्या, "ऐकू येते त्यायले सगळं. पण आत बसल्यावानी झालं माणूस."

तीन वाजले की ताई फोन लावायच्या आणि शांताबाई रिसीव्हर गुरुजींच्या कानाला धरायच्या. ताई बोलायच्या. गुरुजींच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायचं, असं काकू सांगायच्या.

इकडं ताईंना काय ऐकू येतं ते मी विचारलं नव्हतं. एका बुधवारी संध्याकाळी त्यांनीच बोलावलं. डोळे सुजलेले होते.

"काहीच ऐकू येत नाही भाऊ. तीन दिवस नुसती पोकळी. आवाज आधी येते म्हणता, तर आता किती आधी, ते कळायला तिकडं कोणी बोलायला तरी पाहिजे न? आज मला राहवलं नाही. मी रडली. म्हटलं, बोला न गुरुजी, काहीतरी बोला."

"मग?"

घड्याळ चालत होतं.

"मग एक बाई बोलली. म्हणाली, गुरुजी, तुमची पाळी." त्यांनी गळ्याजवळ हात नेला. "माझा आवाज होता. तिगावच्या घरातून. आणि मग लाकडावर लाकूड ठेवल्याचा आवाज आला. टक्. सोंगटी ठेवल्यासारखा."

"ताई, तुम्ही तर—"

"अकरा वर्षं हा जिना उतरली नाही मी," त्या म्हणाल्या. "ठाऊक आहे मला."

आम्ही दोघं जिन्याच्या दाराकडं बघत राहिलो. दार उघडंच होतं. खालून दुकानातल्या खताचा वास येत होता. मला वाटलं, ताई भ्यायल्या आहेत. भ्यायल्या होत्याच. पण त्या म्हणाल्या, "अनिलला वर पाठवा. आणि रविवारी तुम्हाला सुट्टी असते न?"

६

रविवारी अनिलभाऊंनी एका व्यापाऱ्याची जीप आणली. ताईंना आम्ही दोघांनी खुर्चीत बसवून खाली आणलं. जिन्याच्या मध्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले आणि माझं मनगट इतकं दाबलं की नखांचे वण उठले. अनिलभाऊंनी दुकानाला आणि वरच्या दाराला कुलूप लावलं. किल्ल्या त्यांच्याच खिशात होत्या. घरात दुसरं कोणी नव्हतं.

वाटेभर ताई बागांकडं बघत होत्या. "एवढी झाडं झाली," एवढंच एकदा म्हणाल्या.

गुरुजींना उशीला टेकवून बसवलं होतं. ताईंचं पाऊल, म्हणजे खुर्चीचे पाय फरशीवर वाजले, तसा त्यांचा डावा हात पांघरुणावर हलला. ताईंनी तो धरला. शांताबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मग ताईंनी मांडीवरचा पट खाटेवर ठेवला आणि सोंगट्या मांडल्या. गुरुजींचा डावा हात उचलून एकेका सोंगटीवरून फिरवला. हा हत्ती. हा घोडा. हे प्यादं. त्यांची बोटं आधी नुसतीच पडून होती, मग चाचपू लागली, मग ओळखू लागली. घराच्या रेघा नखानं शोधत होती. ताईंनी आपलं प्यादं पुढं केलं. गुरुजींच्या कपाळावर आठी पडली, तीच, विचार करतानाची. अनिलभाऊ खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. मी घड्याळ पाहिलं. तीन.

"पाहा बरं बापू कोणाचा आहे," शांताबाई आतून म्हणाल्या. "या वक्ताले तर विजूचाच राहते."

मी रिसीव्हर उचलला.

"त्रेचाळीसवरून आहे," चंद्रकलाबाईंचा आवाज आला. "बोला."

"बाई, कोणता नंबर म्हणाल्या?"

"त्रेचाळीस. काळबांडे. घ्या, लावून दिला."

खटका पडला. सुरुवातीला काही नव्हतं. मग एका भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली, मोठी, मला चांगली माहीत असलेली. आणि त्यामागं कोणीतरी रडत होतं. तोंड दाबून, आवाज बाहेर जाऊ नये असं.

"बोला न गुरुजी," विजयाताईंचा आवाज म्हणाला. "काहीतरी बोला."

मी वळून पाहिलं. विजयाताई माझ्यापासून चार हातांवर बसल्या होत्या. केसांत जीपमधली धूळ, गालावर ऊन. त्या पटाकडं बघत होत्या आणि त्यांचे ओठ मिटलेले होते.

मी तोंड उघडलं होतं. सांगावं, ताई, रडू नका, मी देवीदास, आम्ही सगळे इथंच आहोत, तुम्हीही इथंच आहात. पण बुधवारी त्यांनी माझा आवाज ऐकला असं त्या म्हणाल्या नव्हत्या. मी गप्प बसलो. कानाशी त्या बंद खोलीतलं रडणं चालूच होतं आणि मला ते ठेवून देता येत नव्हतं.

मी फोन स्टुलासकट उचलला, तार पुरेल तिथवर ओढून खाटेजवळ आणला आणि रिसीव्हर पटाच्या कडेला आडवा ठेवला. बोलायची बाजू गुरुजींच्या हाताकडं केली, पण माझा तळवा अजून तिच्यावरच होता.

"कोणाचा फोन आहे?" ताईंनी मान वर न करता विचारलं.

"कोणाचा नाही," मी म्हटलं. "तुम्ही खेळा ताई. फक्त जरा मोठ्यानं बोला."